उलट्या रीतीचा सुलट इतिहास

जग ज्यास ‘उलटें’ म्हणतें तें आपल्याही दृष्टीनें उलटें असतेंच असें नाहीं. गणितांत ‘उलटी पोलिश रीत’ या नांवाची जी एक लेखनपद्धति आहे, तिच्यासंबंधानें तर आम्हांस हें निश्चयपूर्वक म्हणावेंसें वाटतें. कागदावर आपण तीन व चार यांच्या मध्यें अधिकाचें चिन्ह घालतों. या रीतींत तें दोन्ही आंकड्यांच्या नंतर येतें. परंतु ‘तीन आणि चार मिळव, आलेल्या बेरजेस पांचांनीं गूण’ हें वाक्य वाचकांनीं एकदां स्वतःशीं म्हणून पाहावें. आंकडे आधीं, क्रिया शेवटीं! मराठी वाक्यांत क्रियापदाची जागा जी, तीच येथें चिन्हाची: ३ ४ + ५ ×. यांत कंस नाहींत, आणि आधीं गुणाकार कीं आधीं बेरीज हा शाळेंतला जुना तंटाही नाहीं.

या रीतीचें मूळ हिशेबांत नसून तर्कशास्त्रांत आहे. यान वुकाशेविच यांचा जन्म १८७८ सालीं ल्वूफ शहरीं झाला. वॉर्साच्या विद्यापीठांत ते प्राध्यापक होते, आणि १९१९ मध्यें स्वतंत्र पोलंडचे शिक्षणमंत्रीही होते. तर्कशास्त्रांतील लांबलचक विधानें लिहितांना कंसांची जी दाटी होते ती टाळण्याची युक्ति त्यांस १९२४ सालीं सुचली. क्रियेचें चिन्ह सर्वांच्या आधीं लिहावें, म्हणजे कंस लागतच नाहीं. त्यांच्या रीतीनें वरील उदाहरण × + ३ ४ ५ असें होईल. सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मन बाँबहल्ल्यांत त्यांचें घर व त्यांतील हस्तलिखितें नष्ट झालीं. १९४४ मध्यें त्यांनीं वॉर्सा सोडलें; १९४६ पासून डब्लिन येथें रॉयल आयरिश अकादमीच्या आश्रयानें ते अध्यापन करीत राहिले, आणि १९५६ सालीं तेथेंच वारले. ज्या शहरीं ते जन्मले तें युद्धानंतर पोलंडमध्यें उरलें नाहीं. रीतीस लोकांनीं देशाचें नांव दिलें, कर्त्याचें दिलें नाहीं. परदेशी जिभेस तें उच्चारतां येईना हें त्याचें कारण सांगण्यांत येतें. आम्हांस तें कारण पुरेसें वाटत नाहीं.

चिन्ह आरंभीं होतें तें अखेरीस नेण्याची कल्पना यंत्रांच्या गरजेंतून निघाली. १९५४ मध्यें अमेरिकेंत आर्थर बर्क्स व त्यांचे दोन सहकारी यांनीं, आणि थोड्याच वर्षांत ऑस्ट्रेलियांत चार्ल्स हॅम्ब्लिन यांनीं तिचा पुरस्कार केला. हॅम्ब्लिन हे मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. यंत्राच्या बाजूनें पाहिलें तर युक्ति अगदीं घरगुती आहे. मडक्यांची उतरंड कल्पावी. आलेला आंकडा उतरंडीवर चढवावयाचा. क्रियेचें चिन्ह आलें कीं वरचे दोन उतरवून त्यांचें जें फळ येईल तें पुन्हां चढवावयाचें. मागें काय राहिलें तें निराळें आठवावें लागत नाहीं. पुढें १९७२ सालीं हीच युक्ति ह्यूलेट-पॅकर्ड यांच्या ३९५ डॉलर किमतीच्या खिशांतील गणकयंत्रांत आली. त्यावर बरोबरचें चिन्ह असलेली कळच नव्हती.

परंतु आमचें लक्ष विशेषेंकरून वेधून घेतें तें एक साधेंसुधें गणक, ‘डीसी’. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रॉबर्ट मॉरिस व लोरिंडा चेरी यांनीं तें रचिलें. १९७० मध्यें पीडीपी-११ हें नवें यंत्र तेथें आलें तेव्हां त्यावर प्रथम चाललेली भाषा हीच, असें युनिक्सचे एक कर्ते केन टॉम्प्सन यांनीं सांगितलें आहे. यांत चित्र नाहीं, बटण नाहीं. कळफलकावर ओळ लिहावी, ‘पी’ हें अक्षर जोडावें, म्हणजे उतरंडीच्या माथ्यावरचा आंकडा उमटतो. दोनाचा दोनशेंवा घात विचारला तर एकही अंक न गाळतां सांगतें. नवख्यास मात्र तें दाद देत नाहीं. साताला दोनांनीं भागा, उत्तर तीन! दशांशाचीं किती स्थळें हवींत तें आधीं सांगितलें नाहीं, म्हणून अपूर्णांक मुकाट्यानें टाकून दिला. ‘२ के’ असें अगोदर लिहिलें तर तेंच ३.५० म्हणतें. ऋण पांच लिहावयाचे तर वजाबाकीचें चिन्ह चालत नाहीं, कारण तें दिसतांच हें उतरंडीवरचे दोन आंकडे उचलूं लागतें. म्हणून पांचाच्या आधीं तळरेघ ओढावी लागते. हा हेकटपणा नव्हे. एका चिन्हास एकच अर्थ, हा करार तें अक्षरशः पाळतें इतकेंच.

लोकांस हा करार जड गेला असावा, कारण १९७५ मध्यें ‘बीसी’ हें दुसरें गणक आलें. त्यांत कंस परत आले, चिन्हें पुन्हां आंकड्यांच्या मध्यें बसलीं. आणि हें नवें गणक स्वतः हिशेब करीत नसे. लिहिलेल्या ओळीचा उलट्या रीतींत तर्जुमा करून ती तें पडद्याआड ‘डीसी’च्या हवालीं करी, आणि ‘डीसी’नें दिलेलें उत्तर वापरणाऱ्यापुढें ठेवी.