क्षमा, सत्य आणि फाशी : अ‍ॅलन पेटन यांच्या कादंबरीचा ऐतिहासिक संदर्भ

अ‍ॅलन पेटन (१९०३–१९८८) यांची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही कादंबरी फेब्रुवारी १९४८मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे घोषित धोरण ठरले. या निकटतेमुळे ही कादंबरी त्या राजवटीची कथा म्हणून वाचली जाते. कालक्रम मात्र निराळे सांगतो. लेखन १९४६मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे सुरू झाले व वर्षाअखेर सॅन फ्रान्सिस्कोत पूर्ण झाले. पेटन तेव्हा जोहान्सबर्गनजीकच्या डीपक्लूफ सुधारगृहाचे प्राचार्य होते आणि परदेशांतील तुरुंग पाहत हिंडत होते. अपराधी मुलांसमवेत काढलेली अकरा वर्षे या कादंबरीच्या मुळाशी आहेत.

झुलू धर्मोपदेशक स्टीफन कुमालो हरवलेल्या मुलाच्या शोधात शहरात येतो. मुलगा सापडतो तो खुनाचा आरोपी म्हणून. मारला गेलेला आर्थर जार्व्हिस कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लिहिणारा गोरा तरुण असून तो कुमालोच्याच गावाशेजारच्या शेतमालकाचा पुत्र आहे. मुलाचे नाव अ‍ॅब्सलम, म्हणजे मराठी बायबलमधील अबशालोम. मात्र दावीदाचा अबशालोम बंडखोर होता. हा केवळ भेदरून गोळी झाडतो. पेटन यांनी बायबलमधून घेतला आहे तो बापाचा विलाप.

दोन्ही बापांची भेट हा कादंबरीचा गाभा होय. कुमालो दुसऱ्याच कामासाठी एका घरी जातो आणि दार उघडतो जार्व्हिस. वृद्धाचे पाय लटपटतात, तो पायरीवर बसतो आणि कष्टाने सांगतो, की आपल्या मुलाने तुमच्या मुलाला मारले. जार्व्हिस बागेत जाऊन काही काळ पाठमोरा उभा राहतो. परततो तेव्हा आपल्या मनात राग नसल्याचे सांगतो. ‘क्षमा’ या शब्दाचा उच्चार येथे होत नाही. पुढे गावातील मुलांसाठी दूध येते, धरणाची आखणी होते. (झुलू संबोधनांतील अदब इंग्रजीत कृत्रिम भासते, मराठीतील ‘आपण’ तिला अधिक जवळचे आहे.)

लुइस न्कोसी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय समीक्षकांनी कुमालोच्या विनम्रतेवर कठोर टीका केली. ती रास्त आहे; येथे देणारा गोरा आणि घेणारा काळा ही विभागणी अखेरपर्यंत सुटत नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) दोष मुख्यतः समाजाच्या रूढींवर ठेवला जातो, पेटन तो व्यक्ती आणि समाज या दोहोंत वाटतात, आणि या वाटणीतच जमिनीच्या मालकीचा प्रश्न मागे पडतो.

तथापि एका तपशिलाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. अ‍ॅब्सलम खरे बोलतो आणि फासावर जातो. त्याचे दोन साथीदार नाकारतात आणि सुटतात. १९९५च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य व सलोखा आयोगाने हे समीकरण उलटे केले : राजकीय हेतूने केलेल्या कृत्याची पूर्ण कबुली देणाऱ्यास माफी. पश्चात्तापाची अट नव्हती. जार्व्हिसने जे स्वतः दिले, ते येथे राज्य देऊ लागले. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी इतरांसह या तरतुदीला आव्हान दिले. घटनात्मक न्यायालयाने १९९६मध्ये ते फेटाळले. बिको यांच्या मृत्यूप्रकरणी पोलिसांनी केलेले माफीचे अर्ज १९९९मध्ये नामंजूर झाले. त्यांची हकीकत समितीला खरी वाटली नाही, हे त्यामागील एक कारण होते.