शब्दखंडन

ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभव’ ऊर्फ ‘अनुभवामृत’ या ग्रंथाचे सहावे प्रकरण. त्यांच्याच ‘भावार्थदीपिके’ला, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’ला, गीतेचा आधार होता (समाप्ती शके 1212, इ. स. 1290), हा दहा प्रकरणांचा, सुमारे आठशे ओव्यांचा ग्रंथ मात्र स्वतंत्र आहे. भाषा आणि आत्मा यांच्या नात्याचा इतका काटेकोर ऊहापोह मराठीत त्याआधीचा सापडत नाही.

खंडनाआधी ज्ञानेश्वर शब्दाचे भरभरून कौतुक करतात. शब्द आठवण करून देतो, निराकाराला आरसा दाखवतो, विधिनिषेधाच्या वाटेवर दिवटी धरतो, बंध-मोक्षाच्या तंट्यात पंच होतो. मग याच स्मारकपणावर ते बोट ठेवतात. आठवण विसरलेल्याला करून द्यायची. आत्मा स्वतःला कधी विसरलाच नाही, तर शब्दाने करायचे काय? आजचे उदाहरण घ्यायचे तर, महामार्गावरून आलेल्या परक्याला ‘कुसगाव बुद्रुक’ ही पाटी उपयोगी पडते. आपल्याच ओसरीवर बसलेल्या कुसगावकराला ती काय सांगणार?

शब्द निदान अविद्येचा नाश करतो, हा पुढचा बचाव. त्यावर उत्तर असे की अविद्या मुळात नाहीच. जे नाही ते मारण्याची बढाई फुकट.

वैयाकरण भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त शब्दतत्त्व हेच ब्रह्म. ज्ञानेश्वर त्या वाटेने जात नाहीत. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चारही वाणींचा हिशेब तिसऱ्या प्रकरणातच चुकता झालेला असतो. तिथे ‘शिवसूत्रां’चा दाखला येतो, हे काश्मिरी शैवमताशी असलेल्या नात्याचे महत्त्वाचे चिन्ह. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनच्या ‘ट्रॅक्टेटस’शी (1921) तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धवटच जुळते. तिथे भाषा सीमेशी थांबते. इथे आत्मा इतका जवळ की भाषेला चालायला अंतरच नाही.

पाटीवरच्या त्या कुसगावपासून जवळच, कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहूवरून आळंदीला जाते. तिच्याच काठी 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. ‘अनुभवामृता’चे दिलीप चित्रे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर साहित्य अकादमीने 1996 मध्ये प्रसिद्ध केले.

शब्द निरुपयोगी, तर आठशे ओव्या कशाला, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणावे तर इतकेच, की ग्रंथाच्या शेवटी ज्ञानेश्वर साऱ्या विश्वाला या अनुभवामृताचा सण भोगायला बोलावतात.