तहसीलदारांची सही आणि पिवळं प्रश्नचिन्ह

मुरगूड हे कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या वाड्या-खेड्यांतली माणसं कॉलेजच्या प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला सेवा केंद्रात येतात. अर्ज 'आपले सरकार'वर भरला जातो, सही कागलच्या तहसील कार्यालयातून होते आणि दाखला पीडीएफ होऊन येतो. फाइल उघडली की सहीवर बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह असतं: सही पडताळलेली नाही. काउंटरपलीकडच्या बापाचा चेहरा उतरतो. चालक सहीवर क्लिक करतो, सर्टिफिकेट उघडतो, ते विश्वासू यादीत घालतो, पुन्हा तपासणी लावतो. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. मगच प्रिंट.

दाखला आधीही खराच होता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला आणि डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता मिळाली. अशा सह्या देणाऱ्या कंपन्यांना परवाना देतो दिल्लीतला प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक. सगळ्या सह्यांची साखळी त्याच्या मूळ सर्टिफिकेटपाशी जाऊन थांबते. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम मात्र भारताचा कायदा बघत नाही, स्वतःजवळची यादी बघतो. मूळ सर्टिफिकेट त्या यादीत नसलं, की प्रश्नचिन्ह.

संगणक इतका संशयी जन्मापासून नव्हता. १९८०च्या दशकात फ्लॉपीतून जे येईल ते तो मुकाट चालवायचा. १९९०मध्ये भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला. दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. त्याच काळात मूळचे रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरलेले कैलास काटकर पुण्यात संगणक दुरुस्त करू लागले होते. गिऱ्हाइकांची यंत्रं व्हायरसने बंद पडत होती. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि १९९५ला 'क्विक हील' बाजारात आलं. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी ते घराघरांत पोचवलं. पुढच्या पिढीच्या संगणकांत तर राखणदार कंपनीकडूनच बसून येऊ लागला.

याच राखणदाराची गाठ मराठी सॉफ्टवेअरशी पडली, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास लग्नपत्रिका, ठराव, नोटिसा छापणाऱ्या छोट्या गावांतल्या डीटीपीवाल्यांना झाला. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम दाबलेली कळ मधेच झेलतो आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर पाठवतो. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही कळ अशीच मधे झेलतो. नुसत्या वागण्यावरून पारख करणाऱ्या अँटिव्हायरसला दोघांतला फरक कळेलच असं नाही. त्यात काही मराठी पॅकेजं नक्कल रोखायला हार्डवेअर लॉक आणि त्याचा ड्रायव्हर घेऊन येत. २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीने सही नसलेले ड्रायव्हर चालवणंच बंद केलं. पैसे मोजून घेतलेलं पॅकेज असं नव्या यंत्रावर अडून बसे. कित्येकांनी जुना एक्सपीचा संगणक केवळ त्यासाठी कोपऱ्यात जपून ठेवला.

२०१२च्या विंडोज ८पासून स्मार्टस्क्रीन हा पहारा थेट विंडोजमध्येच आला. तो सहीबरोबर लौकिकही बघतो: ही फाइल आजवर किती जणांनी उतरवली? लाखोंनी वापरलेला प्रोग्रॅम सहज सुटतो, शे-दोनशे जणांसाठी लिहिलेला पतसंस्थेचा किंवा दूध संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम निळ्या पडद्यावर अडतो. हा नियम छोट्या भाषेवर आणि छोट्या गावावर अन्याय करतो. तिथलं सॉफ्टवेअर वापरणारेच थोडे, मग लौकिक कुठून साठायचा?

ठेकेदारांना अशाच अडवणुकीचा अनुभव जावामुळे आला. सरकारी ई-निविदेच्या संकेतस्थळावर डिजिटल सही करायला जावा लागे. जानेवारी २०१४च्या आवृत्तीने नीट सही नसलेले जावा प्रोग्रॅम रोखले, तर सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमने जावाचा प्लगइनच बंद केला. निविदेची मुदत संध्याकाळी संपणार आणि सकाळी पडदा म्हणतोय, परवानगी नाही! तेवढंच संकेतस्थळ अपवादाच्या यादीत घालण्याची सोय जावाने दिली होती, तोच योग्य मार्ग होता. घाईतला माणूस मात्र अख्खा अँटिव्हायरस बंद करतो आणि काम झाल्यावर चालू करायला विसरतो.

ते विसरणं महागात पडतं. खात्रीचं सॉफ्टवेअरही कधी दगा देऊ शकतं. जून २०१७मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम पसरला, मर्स्क कंपनीच्या जगभरातल्या यंत्रणा कोलमडल्या आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम थांबलं. सरकारी शिक्काही याला अपवाद ठरला नाही. जुलै २०१४मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. नियंत्रकाने त्या केंद्राची मध्यस्थ सर्टिफिकेटं रद्द केली. गूगलने क्रोममध्ये भारतीय मूळ सर्टिफिकेटवरचा विश्वास gov.in, nic.in अशा ठरावीक पत्त्यांपुरता, म्हणजे मुख्यतः सरकारी संकेतस्थळांपुरता, आखून दिला. त्या वेळी संशय घेणारं यंत्र बरोबर होतं.

म्हणून हिरवी खूण आणण्याआधी एक पायरी गाळू नये. सर्टिफिकेटची साखळी उघडून वर टोकाला नियंत्रकाचं, 'सीसीए इंडिया'चं नाव आणि त्यापुढचं साल आहे ना, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. या मूळ सर्टिफिकेटलाही मुदत असते. २०१४च्या जागी पुढे २०२२चं आलं, आणि नव्या साखळीतला पहिला दाखला उघडला तेव्हा सेवा केंद्रांतल्या संगणकांवर तेच पिवळं प्रश्नचिन्ह पुन्हा उमटलं. चालकांना नवं सर्टिफिकेट यंत्रागणिक परत यादीत घालावं लागलं.