टेक्सस होल्डेम

टेक्सस होल्डेम हा पोकर या पत्त्यांच्या खेळाचा आज सर्वाधिक प्रचलित प्रकार असून नवशिके बहुधा याच प्रकारातून पोकर शिकतात. टेक्सस राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला त्याचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली.

पाने वाटण्यापूर्वी वाटणाऱ्याच्या डावीकडील दोन खेळाडूंना ‘ब्लाइंड’ नावाची ठरावीक रक्कम लावावीच लागते. मग प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, आणि सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने मध्यभागी उताणी मांडली जातात : प्रथम तीन (फ्लॉप), नंतर एक (टर्न) व शेवटी आणखी एक (रिव्हर). पालथी पाने मिळाल्यावर आणि त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर खेळाडू समोरच्याइतकी रक्कम लावतो, ती वाढवतो किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडतो. अखेरीस सात पानांतील सर्वोत्तम पाच पानांचा हात ज्याचा वरचढ, त्याला जमलेली रक्कम, म्हणजे ‘पॉट’, मिळते.

हातांची प्रतवारी दुर्मिळतेवर ठरते, आणि तीन पत्तीवर वाढलेला मराठी खेळाडू नेमका येथेच चकतो. ५२ पत्त्यांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात संभवतात. त्यांत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) १०,२०० आणि कलर (पाचही पाने एकाच रंगाची) ५,१०८ असल्याने पोकरमध्ये कलर वरचढ ठरतो, तर तीन पानांत कलर १,०९६ व सिक्वेन्स ७२० असल्याने तेथे क्रम उलटा असतो. कलरच्या वर फुल हाउस (तीन सारखी पाने व एक जोडी), त्यावर चार सारखी पाने आणि सर्वांत वर एकाच रंगाची सिक्वेन्स येते.

कमकुवत हातावर मोठी रक्कम लावून प्रतिस्पर्ध्याला पाने टाकायला लावणे, म्हणजे ‘ब्लफ’, याची ख्याती मोठी असली तरी शिकणाऱ्याला हिशेब अधिक उपयोगी पडतो. हातात बदामाची दोन आणि मांडलेल्या चार पानांत बदामाची दोन पाने असतील, तर न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे कलर पुरा होण्याची शक्यता पाचात जेमतेम एक असते. प्रतिस्पर्ध्याची बोली धरून पॉटमध्ये ५०० असताना १०० लावून टिकता येत असेल, तर सहात एकदा जिंकले तरी भरपाई होते, म्हणून डावात राहणे योग्य. तेथेच २५० लावावे लागणार असतील, तर तिनात एकदा जिंकणे आवश्यक होते आणि पाने टाकणे शहाणपणाचे ठरते. बोलण्याची पाळी शेवटी येणाऱ्याला इतरांनी काय केले हे आधीच कळत असल्याने हा निर्णय त्याला सोपा जातो. म्हणूनच पहिल्या जागांवरून मोजकेच हात खेळावेत, असे जाणकार शिकवतात.