दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या सूचींतील टीपा

१. ग्रंथालयाच्या सूचींत ग्रंथनाम, ग्रंथकर्ता, स्थल, काल आणि पृष्ठसंख्या हीं कलमें भरून झाल्यावर शेवटीं ‘टीप’ म्हणून एक मोकळी जागा राहते. नव्या ग्रंथाच्या बाबतींत ती रिकामी राहिली तरी फारसें बिघडत नाहीं. तशाच प्रती अन्यत्र पुष्कळ असतात. दुर्मीळ ग्रंथाची गोष्ट निराळी. इतर कलमांत जें मावत नाहीं तें सर्व या टीपेंत सांगावें लागतें, आणि पुढेंमागें प्रत जीर्ण होऊन नष्ट झाली तर टीप हीच तिची साक्ष उरते. म्हणून टीप कशी लिहावी हा प्रश्न जितका ग्रंथपालाचा तितकाच इतिहाससंशोधकाचाहि आहे.

२. छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीचा कायदा १८६७ सालीं झाला. त्यापूर्वीच्या मराठी मुद्रितांची, म्हणजे ज्यांस आपण दोलामुद्रितें म्हणतों त्यांची, अशी नियमित सरकारी नोंद नाहीं. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टकृत सूचि (१८९२) आणि १८०० ते १९३७ या कालाची शं. ग. दाते यांची ग्रंथसूचि हीं दोन्हीं साधनें बहुमोल आहेत. परंतु सहस्रावधि ग्रंथांची नोंद करणाऱ्या सूचीकडून एकेका प्रतीचें सविस्तर वर्णन अपेक्षितां येत नाहीं. तें काम ती प्रत ज्याच्या हातीं आहे त्याचें.

३. प्रथम लिपि घेऊं. ‘भाषा मराठी’ एवढें लिहिल्यानें लिपि कळत नाहीं. फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें रोमन लिपींत छापलें. विल्यम केरीचें मराठी व्याकरण बंगाल्यांतील श्रीरामपुरास १८०५ सालीं निघालें, त्यांत देवनागरी खिळे आहेत. त्याच्याच १८१० च्या कोशांत मोडी खिळे आहेत. नुसत्या ग्रंथनामावरून यांतील कांहींच समजत नाहीं.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. मात्र विल्यम मार्सडेन यानें १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिलेल्या संग्रहांत त्या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत होती. ती जस्टिन अ‍ॅबट यांनीं अभ्यासकांच्या नजरेस आणली ती १९२३ च्या सुमारास. पाऊणशेंहून अधिक वर्षें ग्रंथ जागच्या जागीं होता. हरवली होती ती त्याची ओळख. ग्रंथ संग्रहीं असणें आणि तो अभ्यासकास सांपडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, व त्यांमधील सेतु म्हणजे सूचींतील टीप.

४. शिळाछापाच्या पुस्तकांत अडचण अधिक. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस १८३१ सालीं शिळाछापाचें पंचांग काढलें. या पद्धतींत लेखकानें तेलकट शाईनें लिहिलेला मजकूर दगडावर उतरवीत. हव्या तितक्या प्रती निघाल्या कीं दगड घासून पुन्हां नव्या कामास घेत. म्हणून तोच ग्रंथ पुढें छापावयाचा तर बहुधा पुन्हां लिहावा लागे, आणि पुनर्लेखन आलें कीं पाठभेद आले. अशा ग्रंथाच्या टीपेंत अक्षराचें वळण, एका पृष्ठावरील ओळी आणि लेखकाचें नांव दिलें असल्यास तें नोंदविलें पाहिजे. एरव्हीं दोन निरनिराळीं मुद्रणें एकच समजलीं जातात. पोथीच्या आकाराच्या मुद्रितांत पत्रांस अंक असतात, पृष्ठांस नसतात. एक सूचिकार ‘५०’ लिहितो, दुसरा ‘१००’. दोघेहि बरोबर असतात आणि वाचक मात्र दोन आवृत्त्या कल्पितो. ‘पत्रें’ कीं ‘पृष्ठें’ हा एक शब्द लिहिला असतां हा घोळ टळतो.

५. कालाचेंहि असेंच. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन आला, ही शाळेंतील रीत सर्वत्र खरी नाहीं. शके १७५३ चा चैत्र १८३१ त येतो, पण त्याच शकाचे माघ व फाल्गुन १८३२ त पडतात. यास्तव ग्रंथावरील शक, संवत्सर, मास व तिथि जशीं असतील तशीं टीपेंत उतरून घ्यावीं आणि इसवी सन त्यांपुढें निराळा द्यावा. मूळ अंक गाळून केवळ सन दिला, तर सूचिकाराचें गणित हाच पुढें पुरावा होऊन बसतो.

६. माझ्या मतें टीपेचा मुख्य नियम आपल्या प्रमाणशास्त्रांतच आहे. जें प्रतींत डोळ्यांनीं दिसतें तें प्रत्यक्ष. जें पूर्वीच्या जाणत्या सूचिकारानें सांगितलें तें शब्द. जें कागद, खिळे वा लेखनपद्धति यांवरून ठरविलें तें अनुमान. तिन्हीं उपयुक्त आहेत, परंतु त्यांची सरमिसळ घातक आहे. ‘१८४० चें मुद्रण’ असें लिहिणें निराळें आणि ‘मुखपृष्ठ गहाळ, अक्षरावरून १८४० च्या सुमाराचें वाटतें’ असें लिहिणें निराळें. दुसऱ्या वाक्यांत अनुमानाचा हेतु दिलेला असल्यानें पुढच्या संशोधकास तें तपासतां येतें व जरूर तर खोडतांहि येतें.

७. आणखी एक भेद पाळला पाहिजे. कांहीं गोष्टी त्या मुद्रणाच्या सर्व प्रतींस लागू असतात, तर शिक्के, हस्ताक्षरें, बांधणी व गहाळ पानें हीं एकाच प्रतीचीं. आतां संगणकावरील नोंदी एका ग्रंथालयांतून दुसऱ्यांत जशाच्या तशा उतरून घेतल्या जातात. त्यामुळें एका गांवच्या प्रतीचीं गहाळ पानें दुसऱ्या गांवच्या धडधाकट प्रतीच्या माथीं बसूं शकतात. ‘या संग्रहांतील प्रत’ हे तीन शब्द आरंभीं घातल्यास हा अनर्थ होत नाहीं.

८. अशा टीपेचा कल्पित नमुना देतों: ‘शिळाछाप. देवनागरी. पत्रें ४२, पोथीचा आकार. शक व तिथि अंतीं दिलीं आहेत. या संग्रहांतील प्रत: पत्र १ नाहीं; ग्रंथनाम पत्रांच्या समासांतील हुंडीवरून घेतलें.’ इतकें लिहावयास फार वेळ लागत नाहीं. आपल्या जुन्या संग्रहांतील कागद दिवसेंदिवस ठिसूळ होत आहे. पान उलटण्याजोगें आहे तोंवरच तें पाहून लिहितां येईल. ज्यांच्या हातीं असे संग्रह आहेत त्यांनीं हें काम पुढच्या पिढीवर टाकूं नये.