सव्वीस सेकंदांची फीत

१८ डिसेंबर २०१२ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरातून मिनिटभराची एक चित्रफीत इंटरनेटवर आली. बागेवर गरुड घिरट्या घालतो, झेप घेऊन गवतावर बसलेले लहान मूल उचलतो आणि थोडे वर नेऊन सोडून देतो. चित्रण करणाऱ्याचा हात थरथरतो, कोणी ओरडत धावते. लक्षावधी लोकांनी ती फीत पाहिली आणि पाहणाऱ्यांत लगोलग दोन तट पडले. एकाला मुलाची काळजी लागली. दुसऱ्याने फीत थांबवून थांबवून तिची एकेक चौकट तपासायला घेतली आणि गरुडाच्या पंखात व सावलीत काहीतरी जुळत नसल्याची तक्रार मांडली. संगणकीय चलच्चित्रकला शिकवणाऱ्या तेथील एका संस्थेने लगेच खुलासा केला. गरुड आणि मूल, दोन्ही विद्यार्थ्यांनी संगणकावर घडवलेली होती. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले ते काम होते.

हा वाद तात्काळ मिटला. परंतु चौकटीमागून चौकट तपासणारा हा प्रेक्षक इंटरनेटमुळे जन्माला आला, अशी जी समजूत दिसते ती आम्हांला मान्य नाही. तो त्याआधी कितीतरी वर्षे होता, आणि त्याची घडण एका हौशी फितीवरच झाली. त्या फितीचा इतिहास पाहिला म्हणजे अशा वादांत दोन वेगवेगळे प्रश्न कसे एकमेकांत गुंततात हे ध्यानात येते. फीत अस्सल आहे काय, हा एक. अस्सल असल्यास तिच्यात आपल्याला जे दिसले ते खरोखर तसेच घडले काय, हा दुसरा.

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतील डॅलस शहरात स्त्रियांचे कपडे तयार करणारे एक उद्योजक होते, अब्राहम झाप्रुडर. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची मिरवणूक त्यांच्या कचेरीजवळून जायची होती. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा घरीच ठेवला होता. कचेरीतील सहकारी स्त्रीने आग्रह केला म्हणून ते परत जाऊन घेऊन आले. एल्म रस्त्याच्या कडेला काँक्रीटचा एक उंचवटा होता, त्यावर ते चढले. उंचीवर उभे राहिले की त्यांना भोवळ येत असे, म्हणून त्यांच्या कचेरीतीलच एक तरुणी त्यांना मागून धरून उभी राहिली. बेल अँड हॉवेल कंपनीचा आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा, आत कोडॅक्रोमची रंगीत फीत. त्यांनी टिपलेल्या मिरवणुकीच्या ४८६ चौकटी आहेत आणि त्या सुमारे साडेसव्वीस सेकंदांत संपतात. ३१३ व्या चौकटीत राष्ट्राध्यक्षांच्या मस्तकाला गोळी लागलेली दिसते.

त्याच दुपारी डॅलसमधील कोडॅकच्या प्रयोगशाळेत फीत धुतली गेली. दुसऱ्या एका चित्रपट-प्रयोगशाळेत तिच्या तीन प्रती काढल्या गेल्या. मूळ फितीवर ०१८३ हा क्रमांक भोके पाडून उमटवलेला होता. तीन प्रतींवर ०१८५, ०१८६ आणि ०१८७ हे क्रमांक उमटले. दोन प्रती झाप्रुडर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या हवाली केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘लाइफ’ साप्ताहिकाने छपाईचे हक्क ५०,००० डॉलरना विकत घेतले आणि पुढील दोन दिवसांत एकूण दीड लाख डॉलरना सर्व हक्क घेतले. ३१३ वी चौकट छापू नये, अशी झाप्रुडर यांची इच्छा होती. त्या रकमेतील २५,००० डॉलर त्यांनी त्याच दिवशी मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या विधवेला दिले.

येथपर्यंतची हकिकत कोणत्याही सराफाच्या वहीइतकी स्वच्छ आहे. फीत कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेली, किती वाजता, किती प्रती निघाल्या, सारे नोंदलेले. पुढे जो संशय माजला त्याचे मूळ चित्रात शोधण्यापेक्षा फीत ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्या वागण्यात शोधावे, असे आमचे मत आहे. ‘लाइफ’ने निवडक चौकटी छापल्या, आरंभीच्या तर रंग गाळून काळ्या-पांढऱ्या. फीत चालती मात्र दाखवली नाही. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने १९६४ च्या अखेरीस साक्षीपुराव्याचे २६ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अठराव्या खंडात या फितीच्या चौकटी ओळीने छापल्या होत्या. परंतु ३१४ आणि ३१५ या दोन चौकटींची अदलाबदल झाली होती, आणि २०८ ते २११ या चौकटी मुळी नव्हत्याच. ज्या क्षणाभोवती सारा वाद फिरतो त्याच्या लगतच्या दोन चौकटी उलटसुलट लागल्या, की मस्तक कोणत्या दिशेने हलले याचा अर्थच उलटतो! अदलाबदल ही छपाईतील चूक, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे प्रमुख हूव्हर यांनी १९६५ मध्ये मान्य केले. गहाळ चौकटींबद्दल ‘लाइफ’ने १९६७ मध्ये सांगितले की प्रयोगशाळेत हाताळताना मूळ फीत फाटली व ती जोडून घ्यावी लागली. आधी काढलेल्या प्रतींत त्या चार चौकटी शाबूत होत्या. दोन्ही खुलासे आम्हांला खरे वाटतात. पण ते मागावे लागले, आणि मिळाले ते उशिरा.

मधल्या काळात प्रेक्षक स्वस्थ बसले नव्हते. जोसाया थॉम्पसन नावाचे तत्त्वज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक ‘लाइफ’चे सल्लागार म्हणून फीत तपासत होते. त्यांनी १९६७ मध्ये ‘सिक्स सेकंड्स इन डॅलस’ हा ग्रंथ काढला, तेव्हा साप्ताहिकाने चौकटी छापायला परवानगी नाकारली. त्यांनी चित्रकाराकडून त्या चौकटींवरून कोळशाची रेखाटने करवून घेतली आणि ती छापली. साप्ताहिकाच्या मालकांनी दावा लावला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल ग्रंथाच्या बाजूने दिला. या घटनेची पूर्ण माहिती मिळण्यात लोकांचे हित आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. एका देशाच्या प्रमुखाची हत्या भर रस्त्यात, भर दुपारी टिपली गेली होती आणि तिचा अभ्यास कोळशाच्या चित्रांवरून करण्याची वेळ आली होती.

१९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील एका खटल्यात सरकारी वकील गॅरिसन यांनी ती फीत न्यायालयात मागवली व पुन्हा पुन्हा दाखवली. आरोपी निर्दोष सुटला. परंतु त्या सुमारास चोरट्या प्रती निघाल्या आणि विद्यापीठांतून, सभागृहांतून फिरू लागल्या. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. रंग उडालेले, कडा पुसट झालेल्या. अशा धूसर चित्रात ज्याला जे शोधायचे असते ते त्याला सापडते. झाडीत बंदूकधारी दिसू लागले, गाडीचा चालक मागे वळून गोळी झाडतो असेही काहींना दिसले. ६ मार्च १९७५ रोजी, म्हणजे घटनेनंतर सव्वाअकरा वर्षांनी, ती फीत अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवली गेली. मस्तक मागे व डावीकडे फेकले जाते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि गोळी मागून आली असे आजवर सांगणाऱ्यांवरचा त्यांचा विश्वास ढासळला. पुढच्याच महिन्यात ‘लाइफ’च्या मालकांनी फीत एका डॉलरला झाप्रुडर कुटुंबाला परत केली.

ज्या वस्तूला इतकी वर्षे झाकून ठेवले, तिच्यात कोणीतरी हात घातला असेल, असे म्हणणारे लोक निघणारच. १९९० च्या दशकात फीतच बनावट आहे, मधल्या चौकटी काढून ती पुन्हा रचली आहे, असा पक्ष जोर धरू लागला. ०१८४ हा क्रमांक कोठे गेला, हा त्या पक्षाचा आवडता सवाल. या वेळी तपास झाला तो मात्र वाखाणण्याजोगा. हत्येसंबंधीची कागदपत्रे खुली करण्यासाठी अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये कायदा केला होता. त्याखाली नेमलेल्या मंडळाच्या विनंतीवरून कोडॅकमधील निवृत्त अभियंता रोलंड झवाडा यांनी १९९८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पाहिलेच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्यांनी पाहिले ते फितीच्या कडेकडे. कारखान्यातच कडेवर उमटलेली अक्षरे पाहिली. फीत पुढे सरकवण्यासाठी कडेला जी छिद्रे असतात, त्यांच्या मधल्या जागेतही या कॅमेऱ्यात चित्र उमटत असे. पडद्यावर ते कधीच दिसत नाही. ते चित्र आणि त्यातील प्रकाशाच्या खुणा त्यांनी तपासल्या. त्याच बनावटीचे कॅमेरे मिळवून त्यांतून नवी फीत चालवली आणि तशाच खुणा उमटतात हे पाहिले. मूळ फीत कॅमेऱ्यातून निघालेलीच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे वाचताना आम्हांला आपल्याकडच्या जुन्या कागदांची आठवण झाली. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवत, ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांची, ती मजकुराखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये म्हणून. कागद अस्सल की नक्कल, हे ठरवताना राजवाड्यांच्या परंपरेतील संशोधक मजकुराच्या रोमहर्षकतेवर भुलत नसत. हात कोणाचा, शिक्का कोणता, तारीख जुळते काय आणि दप्तर कोणाच्या घरचे, हे आधी विचारत. बखरीतला प्रसंग कितीही रंगलेला असो, त्याने ही परीक्षा टळत नसे.

पहिला प्रश्न असा सुटला. दुसरा सुटला नाही. फीत अस्सल ठरल्याने गोळी कोठून आली हे ठरत नाही. मस्तक मागे गेले म्हणून गोळी पुढून आली, हा सामान्य माणसाचा तर्क. नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थवैज्ञानिक लुई अल्वारेझ यांनी १९७६ मध्ये एक शोधनिबंध लिहून त्याला उत्तर दिले. चिकटपट्टीने गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडल्या असता ती बंदुकीच्याच दिशेने उडाली. कारण आतला गर पुढे जोराने फेकला जातो आणि त्याच्या धक्क्याने फळ मागे येते. पुष्कळांना हे पटले, पुष्कळांना पटले नाही. थॉम्पसन यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ३१२ आणि ३१३ या चौकटींच्या मधे मस्तक किंचित पुढे सरकते, असे त्यांनी १९६७ मध्ये मोजून दाखवले होते. २०२१ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला आणि ते माप मागे घेतले. झाप्रुडर यांचा हात हलल्याने ३१३ व्या चौकटीत चित्र फासटले गेले आहे, आपण मोजली ती बव्हंशी ती फरफट, असे त्यांनी कबूल केले. त्यांचे अंतिम अनुमान सर्वांनी स्वीकारले आहे असे नाही, आम्हीही त्याबाबत आग्रह धरणार नाही. पण अर्धशतक एकाच चौकटीकडे पाहून स्वतःची चूक स्वतः छापणारा प्रेक्षक दुर्मीळच.

इंटरनेटवरील प्रेक्षकाची अडचण अशी, की त्याला कडा मिळतच नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका चित्रपट कंपनीने २०१४ पासून दोन वर्षांत आठ फिती हौशी म्हणून सोडल्या. मुलीच्या अगदी शेजारी वीज कोसळते, पाण्यात उडी मारलेल्या माणसासमोर शार्क येतो, बर्फावरून घसरत जाणाऱ्या तरुणीमागे अस्वल धावते. वीस कोटींहून अधिक वेळा त्या पाहिल्या गेल्या, वृत्तवाहिन्यांनी दाखवल्या, आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच पडदा उघडला. अनेक प्रेक्षकांना अस्वलाचा आधीच संशय आला होता. पण फीत एकाकडून दुसऱ्याकडे उतरवली जाताना मूळ कोणाचे हे पुसले जाते आणि वाद उरतो तो केवळ चित्रावर. ०१८३ सारखा क्रमांक तेथे शोधायचा कोठे?

करमणुकीपुरते हे ठीक आहे, असे आम्ही म्हटलेही असते. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये सीरियातील म्हणून एक फीत पसरली. गोळीबारात एक मुलगा पडतो, पुन्हा उठतो आणि गाडीआड अडकलेल्या मुलीला हाताला धरून बाहेर काढतो. लाखो लोकांनी ती डोळ्यांत पाणी आणून पाहिली. ती मे महिन्यात माल्टा बेटावर एका नॉर्वेजियन दिग्दर्शकाने बालकलाकारांकडून करवून घेतली होती. युद्धातील मुलांकडे लोकांचे लक्ष वेधावे हा आपला हेतू, असे त्याने सांगितले. पत्रकारांनी व युद्धाच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी त्याला जाहीर पत्र लिहून जाब विचारला. त्यांचे म्हणणे असे, की अलेप्पो आणि होम्सच्या गल्ल्यांतून जीव धोक्यात घालून जे खरे चित्रण बाहेर येते, त्याकडेही आता लोक अभिनय म्हणून पाहतील, आणि ज्यांनी बाँब टाकले त्यांना नामानिराळे होण्याची आयती सोय होईल. हेतू चांगला होता हे मानूनही आम्हांला ते पत्र योग्य वाटते.

झाप्रुडर यांच्यावर अशी पाळी आली नाही. जुलै १९६४ मध्ये आयोगाच्या वकिलाने एकेक चौकट समोर ठेवून विचारले, तेव्हा साक्ष देता देता त्यांना रडू कोसळले आणि त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. १९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयातही ही फीत आपलीच आहे हे सांगायला ते गेले होते. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, ते वारले. फीत खोटी आहे, असे कोणी त्यांना तोंडावर म्हटले नव्हते.