निकोडेमस, कॅन्सस

निकोडेमस ही अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहॅम काउंटीमधील एक छोटी ग्रामीण वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती १८७७ मध्ये वसवली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस त्या काळी स्थापन झालेल्या अशा वसाहतींपैकी आजवर टिकून राहिलेली ही एकमेव वसाहत मानली जाते. २०२० च्या जनगणनेत येथे १४ रहिवासी नोंदवले गेले.

भूगोल

निकोडेमस हे सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेच्या उत्तरेस, हिल सिटी व स्टॉकटन या गावांना जोडणाऱ्या महामार्ग क्र. २४ वर आहे. हा विस्तीर्ण गवताळ मैदानांचा प्रदेश असून पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा आहे. इमारती लाकूड दुर्मीळ असल्याने आरंभीच्या वसाहतकारांनी टेकाडांच्या उतारात खोदलेल्या घरांत व गवताच्या मुळांसह कापलेल्या मातीच्या ढेकळांच्या घरांत आसरा घेतला. गहू हे परिसरातील प्रमुख पीक आहे.

इतिहास

यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा कालखंड १८७७ मध्ये संपला आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे नवे हक्क पुन्हा धोक्यात आले. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा श्वेतवर्णीय जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय गृहस्थ यांनी निकोडेमस टाउन कंपनी स्थापन केली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू शकत असे. कंपनीच्या पत्रकांत या भूमीचे वर्णन मात्र वास्तवापेक्षा बरेच मोहक होते.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकी राज्यातून सुमारे ३०० जणांचा जथा आला. रेल्वे एलिसपर्यंतच होती. पुढचे सुमारे ५६ किलोमीटर अंतर बहुतेकांनी पायी कापले. समोरचे उजाड माळरान पाहून अनेक कुटुंबे लगेच परतली. जे राहिले त्यांच्याकडे नांगर व जनावरे फार थोडी होती, त्यामुळे पुष्कळांनी जमीन कुदळ-फावड्याने फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना अन्न दिल्याचे सांगितले जाते. १८७८ च्या वसंतात आलेल्या दुसऱ्या जथ्यातील काही मुले एलिस येथे गोवराच्या साथीत दगावली. दक्षिणेतून कॅन्ससकडे झालेले १८७९ चे मोठे स्थलांतर यानंतरचे आहे. निकोडेमसला त्याचाच भाग मानणे बरोबर नाही.

पुढील दशकात गावात शाळा, चर्च, हॉटेल, दुकाने व दोन वृत्तपत्रे उभी राहिली. येथे १८७८ मध्ये आलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. राज्यस्तरीय पद मिळवणारे ते तेथील पहिले कृष्णवर्णीय होत.

गावाचे भवितव्य रेल्वेवर अवलंबून होते. मार्ग गावातून जावा म्हणून मार्च १८८७ मध्ये रहिवाशांनी मिसूरी पॅसिफिक कंपनीला १६,००० डॉलरचे रोखे देण्यास मतदानाने संमती दिली. इतक्या लहान वसाहतीसाठी ही रक्कम अवाढव्य होती. तरीही ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग नदीच्या दक्षिणेकडून, अवघ्या काही किलोमीटर अंतरावरून गेला. रेल्वेच्या छावणीच्या जागी बोग हे गाव वसले आणि निकोडेमसचे व्यापारी तिकडे हलले. काहींनी तर दुकानांच्या इमारतीच उचलून नेल्या. शेतकरी मात्र जमीन धरून राहिले. १९३० च्या दशकातील दुष्काळ व धुळीच्या वादळांनी त्यांच्यापैकीही अनेकांना घालवले. टपाल कार्यालय १९५३ मध्ये बंद झाले.

नाव

नावाचा संबंध सामान्यतः त्या काळच्या एका लोकप्रिय गीतातील निकोडेमस नावाच्या गुलामाशी जोडला जातो. काहींच्या मते ते बायबलमधील व्यक्तीवरून आले आहे.

वारसा

१९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याचा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्थळांत समावेश झाला. टाउनशिप सभागृह, दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल व शाळा या पाच वास्तू त्यात येतात. अमेरिकन फुटबॉलपटू व्हेरिल स्विट्झर (१९३२–२०२२) यांचा जन्म येथेच झाला. दरवर्षी जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाचा मेळावा भरतो. देशभर विखुरलेले मूळ कुटुंबांचे वंशज त्यासाठी गावी येतात.